पृथ्वीचे मालक की राखणदार? : ख्रिस्ती श्रद्धा आणि पर्यावरण

पर्यावरण हा शास्त्रज्ञांचा आणि सरकारचा विषय, धर्माचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. परंतु ख्रिस्ती समाजाला या प्रश्नावरून गेली पन्नासहून अधिक वर्षे स्वतःच्याच धर्मग्रंथाची उलटतपासणी करावी लागत आहे. ती कशी, हे विद्यार्थ्यांनी विशेषतः समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

या वादाला तोंड फोडले ते लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव मानवाला पृथ्वी ताब्यात घेण्यास व प्राणिमात्रांवर सत्ता चालविण्यास सांगतो. निसर्ग म्हणजे माणसाच्या उपयोगाची वस्तू, ही पाश्चात्यांची वृत्ती अशा शिकवणुकीतून बळावली, असा त्यांचा आरोप. विशेष म्हणजे व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते. पशुपक्ष्यांना भावंडे मानणारे असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत मानावे, ही सूचनाही त्याच लेखातली. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या संताला तो मान खरोखरच दिला.

धर्माच्या अभ्यासकांनी उत्तरादाखल दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखविले. तेथे मानवाला एदेन बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. या राखणीसाठी मूळ हिब्रू शब्द आहे 'शामर'. देव तुझे रक्षण करो, या आशीर्वादातही तोच शब्द येतो. लेवीय या पुस्तकात तर दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, ती कायमची विकू नये, कारण ती देवाची असून माणसे तिच्यावर केवळ उपरी आहेत, असे सांगितले आहे. दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या आम्हा बँकेतील मंडळींना हा फरक चटकन कळतो. तिजोरीची किल्ली हाती असली म्हणून आतली रक्कम आपली होत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रकात अनिर्बंध सत्तेचा अर्थ नाकारला आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे, असे बजावले.

तथापि जमीन देवाची म्हटले, की तिचे उत्पन्न खातो कोण, हा प्रश्न आलाच! 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ऐकत वाढलेल्यांनी तो विचारलाच पाहिजे. इथिओपियात तो विचारला गेला. तेथील ऑर्थोडॉक्स चर्च मोठे जमीनदार होते. १९६५ मध्ये अदिस अबाबाच्या विद्यार्थ्यांनी नेमकी हीच घोषणा देत मोर्चा काढला. १९७५ साली लष्करी राजवटीने ग्रामीण जमीन सरकारजमा केली आणि चर्चची जमीनदारी संपली. गावोगावच्या चर्चभोवतीची झाडी मात्र धर्मगुरूंच्याच राखणीत राहिली.

देशाच्या उत्तरेकडील दक्षिण गोंदर भागात मूळचे जंगल शेती आणि चराईपायी जवळजवळ नाहीसे झाले आहे. विमानातून पाहिल्यास तपकिरी शेतांच्या मध्ये हिरवे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक चर्च असते. झाडी हे चर्चचे वस्त्र, अशी लोकांची भावना. या झाडीत जुनिपर आणि रानऑलिव्हचे वृक्ष आहेत, झरे आहेत, आजूबाजूच्या पिकांचे परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आहेत.

पण नुसत्या भावनेने झाड वाचत नाही. गुरे आत शिरून रोपे खात, नांगर हळूहळू आत सरके, आणि हे झिजणे जमिनीवर उभे राहून कळत नसे. इथिओपियाचे वनशास्त्रज्ञ डॉ. अलेमायेहू वासी आणि अमेरिकेच्या मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंना वरून टिपलेली छायाचित्रे दाखविली. मग अनेक ठिकाणी धर्मगुरू व गावकऱ्यांनी जंगलाभोवती दगडी कुंपण घातले. दगड शेजारच्या शेतांतलेच. ते उचलले गेल्याने नांगरटही सोपी झाली, म्हणून शेतकऱ्यांचा विरोध झाला नाही. गुरे बाहेर राहिली, तशी आत रोपे तग धरू लागली.

काही चर्च मात्र पैशांसाठी याच आवारात निलगिरी लावतात. ती झपाट्याने वाढते, लाकूड विकले जाते, आणि मूळ झाडांची जागा तेवढी कमी होते.