वाळूतली खाद्यबाग

चेन्नईतल्या मैलापूरची जमीन समुद्रकाठची, बरीचशी वाळूसर. पडलेलं पाणी तिच्यात झटकन जिरतं, मुळांच्या खाली निघून जातं आणि विरघळलेलं नत्र-पालाशही सोबत नेतं. नारळ, शेवगा, केळी, कढीपत्ता, हळद, अळू अशी थराथरांची बाग इथे उभी करायची, तर पाणी आणि खत यांचा वेगवेगळा विचार करून भागत नाही. दोन्ही धरून ठेवतो तो कुजलेला पालापाचोळाच. नुसत्या ओल्या वाळूची मूठ वळली तर ती बोट लागताच ढासळते. काही वर्षं पाचोळा मुरलेल्या वाफ्यातल्या मातीचा गोळा टिकतो.

सगळ्यात मोलाचं साहित्य रस्त्यावरच मिळतं: शहाळ्यांची आणि नारळाची सोडणं. झाडापासून थोडं दूर चर खणून ती पोकळ बाजू वर करून थरांनी रचतात, मध्ये माती पसरतात. सोडण स्पंजासारखं पाणी शोषतं, सावकाश कुजतं आणि पालाश देतं. नत्रासाठी कुंपणाचा गिरिपुष्प छाटून त्याचा पाला वर अंथरावा. चेन्नईच्या उष्म्यात आच्छादन भराभर विरतं, म्हणून ते पुन्हापुन्हा घालावं लागतं; बुंध्याला मात्र भिडू देऊ नये.

कोकणात मृगाआधी जी धांदल असते, ती इथे भाद्रपदात. वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्याआधी चर भरलेले हवेत आणि जादा पाण्याला वाटही. पपईच्या मुळांशी पाणी तुंबलं की झाड गेलंच.

छताचं पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडणं ही बागेचीच निगा आहे. समुद्र जवळ असल्याने उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. वरून मुरलेलं गोडं पाणी त्याला थोपवतं. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय २००३ मध्ये तमिळनाडूत सर्व इमारतींना सक्तीची झाली. शेजारच्या मंदवेळीत २००२ पासून ‘रेन सेंटर’ हेच काम शिकवत आलं आहे.

उन्हाळ्यात एकदम भरपूर दिलेलं पाणी वाया जातं. थोडं थोडं, वरचेवर आणि संध्याकाळी द्यावं. खताचंही तेच: एकदाच ढीग ओतण्यापेक्षा शेणखत, जीवामृत हप्त्याहप्त्याने, ओल असताना आणि आच्छादनाखाली द्यावं.