चार टीव्ही, एक छत्री: बंगल्यातलं डिश अपग्रेडचं काम कसं घ्यायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिश दुरुस्ती आणि इन्स्टॉलेशनच्या धंद्याचा हिशेब पाहिला. पंधरा मिनिटांत सगळं बसत नाही. म्हणून त्यातलं एकच काम, म्हणजे तीन-चार टीव्ही असलेल्या घरातले जुने बॉक्स आणि रेकॉर्डर बदलण्याचं काम, इथे सविस्तर लिहितोय. नवीन कनेक्शनचा धंदा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, लोक मोबाईलवर आणि इंटरनेटवर बघतात, हे खरंच आहे. पण दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेल्या छत्र्या, भिंतीत गाडलेल्या वायरी आणि दमलेले बॉक्स घरोघरी आहेत. पैसे आता तिथे आहेत. आणि फसायलाही तिथेच होतं.

फोन साधारण असा येतो: "खाली आईने मालिका लावली की वरच्या मजल्यावर माझी मॅच जाते. तुम्ही नवीन बॉक्स टाकून द्या." नवीन माणूस लगेच बॉक्सची किंमत सांगतो. थांबा. या तक्रारीत बॉक्सचा बहुतेक वेळा काही दोषच नसतो.

छत्रीच्या तोंडाशी जो भाग असतो, एलएनबी, तो उपग्रहाचे सिग्नल पकडून त्यांची फ्रिक्वेन्सी खाली आणतो आणि वायरीतून बॉक्सकडे पाठवतो. उपग्रहावरून चॅनेल दोन प्रकारे येतात, उभ्या ध्रुवीकरणात आणि आडव्या ध्रुवीकरणात. आपल्याला कोणते हवे ते बॉक्स एलएनबीला त्याच वायरीतून व्होल्टेज देऊन सांगतो: १३ व्होल्ट दिले तर उभे, १८ दिले तर आडवे. म्हणजे एका वायरीवर एका वेळी एकाच प्रकारचे चॅनेल येतात. आता एक वायर स्प्लिटरने दोन बॉक्सना जोडली, तर आई १३ मागते, मुलगा १८ मागतो. एलएनबी एकाचंच ऐकणार. दुसऱ्याच्या पडद्यावर "सिग्नल नाही". बॉक्स चारदा बदला, हे होतच राहणार.

त्यात टीव्हीमागे लावलेला तो छोटा स्प्लिटर बऱ्याचदा केबल टीव्हीच्या जमान्यातला निघतो. त्याच्या अंगावरचा आकडा वाचायची सवय लावा. ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर तो केबलचा. डिशच्या वायरीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल धावतो. अशा घरात काही चॅनेल येतात, काही तुटतात, आणि कस्टमर म्हणतो "पावसामुळे होतं". पावसाने सिग्नल पडतो हे खरं, पण कडक उन्हातही तुटत असेल तर पावसाला दोष कशाला?

उपाय सोपा आहे, पण आधी मोजणी करावी लागते. टीव्ही किती हे मोजू नका, ट्यूनर किती ते मोजा. साधा बॉक्स म्हणजे एक ट्यूनर, एक वायर. रेकॉर्डरमध्ये बहुधा दोन ट्यूनर असतात, कारण एक चॅनेल बघता बघता दुसरा रेकॉर्ड करायचा असतो. टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आला तेव्हापासून (त्याच कंपनीचं नाव २०२२ मध्ये टाटा प्ले झालं) आपल्याकडे हा प्रकार लोकांना माहीत आहे. पण दुसरी वायर न ओढता एकाच वायरीवर चालवलेले रेकॉर्डर मी कितीतरी घरांत पाहिलेत. मालक वर्षानुवर्षं समजतो की रेकॉर्डिंग लावलं की दुसरे चॅनेल बघता येत नाहीत, "मशीनच तसं आहे". मशीन तसं नसतं, बसवणाऱ्याने वायर वाचवलेली असते.

तर चार टीव्ही, त्यातला हॉलमधला रेकॉर्डरवर, म्हणजे पाच वायरी. चार तोंडांचा क्वाड एलएनबी इथे पुरत नाही. मग एकतर आठ तोंडांचा घ्यायचा, नाहीतर मल्टीस्विच लावायचा. दुकानात इथे एक गफलत होते, ती माझ्याकडूनही झाली आहे. क्वाड आणि क्वाट्रो नावं सारखी, तोंडं दोघांना चारच, पण काम वेगळं. क्वाडच्या प्रत्येक तोंडाला थेट बॉक्स लावता येतो. क्वाट्रोच्या चार तोंडांतून चार ठरलेले सिग्नल येतात आणि तो मल्टीस्विचशिवाय निरुपयोगी. शिवाय एलएनबी त्या कंपनीच्या सेवेला जुळणारा हवा, म्हणून मॉडेल विचारूनच घ्या. एकाच वायरीवर अनेक ट्यूनर चालवणारे एलएनबीही मिळतात. भिंतीतला पाइप अगदी अरुंद असेल तर ते कामाला येतात, पण बॉक्सलाही ती पद्धत समजावी लागते. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे का बघा, मगच खर्च सांगा.

वायर आरजी-६ च वापरा, आणि चांगली. या वायरीत १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २० डीबी सिग्नल खाल्ला जातो, २१५० च्या आसपास ३० च्या वर. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत तीस मीटर असेल तर सहसा निभावतं. पण मध्ये दोन जोड, एक गंजलेला कनेक्टर आणि हाताने पिळून बसवलेली पिन असेल तर नाही निभावत. दाबून बसवायचे कनेक्टर आणि त्यांचं क्रिम्पिंगचं हत्यार ही या धंद्यातली पहिली खरी गुंतवणूक समजा. उघड्यावरच्या प्रत्येक जोडाला पाणी न शिरणारी टेप, आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. कोकणात काम करत असाल तर नट-बोल्टकडे जास्त लक्ष द्या, खारी हवा दोन पावसाळ्यांत खेळ संपवते.

आता रेकॉर्डरबद्दल. हा भाग मी व्हिडिओत मुद्दाम घाईत सांगितला, कारण तो सांगायला मला अजून जड जातं.

एका घरी मी जुना रेकॉर्डर काढून नवीन बसवला. कंपनीच्या एक्स्चेंज योजनेत जुना बॉक्स परत जायचा होता, तो मी पिशवीत घालून जमा करून आलो. तिसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजींचा फोन. "अरे बाळा, त्यात यांची मुलाखत होती ना?" आजोबांची एका चॅनेलवर शेतीच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाची मुलाखत झाली होती. आजोबा वर्षभरापूर्वी गेले होते. आजी अधूनमधून ती लावून बघायच्या. घरातल्या मुलांना हे माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. चौकशी केली, बॉक्स गोदामातून पुढे गेला होता. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, चूक माझी होती.

आणि बॉक्स परत मिळाला असता तरी सहज काही झालं नसतं, हे समजून घ्या. या बॉक्समधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर फाइल उघडत नाही, दुसऱ्या बॉक्सला लावली तर तो बहुधा फॉरमॅट करायला सांगतो. ज्या बॉक्सना बाहेरून पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लावून रेकॉर्ड करता येतं, त्यांचंही रेकॉर्डिंग त्याच बॉक्सशी बांधलेलं असतं. म्हणून आता माझ्या सर्व्हेच्या कागदावर पहिला प्रश्न हाच आहे: "जुन्या बॉक्समध्ये ठेवण्यासारखं काही आहे का?" आणि तो मी घरातल्या वयस्कर माणसाला विचारतो, पैसे देणाऱ्याला नाही. काही असेल तर जुना बॉक्स परत देऊ नका. एक्स्चेंजची सूट गेली तरी चालेल का, हे त्यांना ठरवू द्या. बॉक्स घरात राहिला म्हणजे रेकॉर्डिंग कायम चालेलच असंही नाही, काही सेवांत कनेक्शन बंद झालं की तेही उघडत नाही. तेव्हा कनेक्शन चालू आहे तोवर घरच्यांनी ते दोनदा लावून बघावं, आणि घरगुती आठवण म्हणून काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. तुम्ही फक्त वेळेवर सांगा.

नवीन रेकॉर्डरची जागा किती पुरेल हेही लोक विचारतात. हिशेब करून दाखवा, छाप पडते. एचडी चॅनेल सेकंदाला ८ मेगाबिट धरला तर तासाला ३.६ जीबी होतात. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये म्हणजे जेमतेम १३८ तास. रोज दोन मालिका रेकॉर्ड करून न पुसणाऱ्या घरात ती पाच महिन्यांतच भरते.

महिन्याच्या खर्चाचं आधी बोला, बॉक्सच्या किमतीचं नंतर. बॉक्सचे पैसे एकदा जातात, रिचार्ज दर महिन्याला. समजा मुख्य टीव्हीला ५०० आणि बाकी तिघांना प्रत्येकी ३०० लागतात, तर महिन्याला १,४००, वर्षाला १६,८००. हा आकडा ऐकल्यावर निम्मी घरं पाहुण्यांच्या खोलीतला बॉक्स रद्द करतात. करू द्या. एकाच घरातल्या जास्तीच्या टीव्हीला नेटवर्क शुल्क मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावायचं नाही, असा ट्रायचा नियम २०२० मध्ये आला होता. २०२४ मध्ये शुल्कावरची कमाल मर्यादा काढून ते कंपन्यांवर सोडलं. त्यामुळे जुना आकडा तोंडावर न फेकता त्या दिवशीचं कंपनीचं दरपत्रक उघडून दाखवा.

पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून दहा दिवस टीव्ही लागत असेल तर वायफायवर भागतं. फक्त फुकट चॅनेल बघणारे वडीलधारे असतील तर डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही. मात्र तिला वेगळी छत्री लागते, कारण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मी असा सल्ला दिला की माझा एक बॉक्स कमी विकला जातो. पण त्याच घरातून पुढची तीन कामं आली आहेत, त्यामुळे तक्रार नाही.

छत्रीची जागा हा सर्व्हेतला दुसरा मोठा प्रश्न. कंपनी बदलायची असेल तर छत्रीची दिशाही बदलते. नाशिकमधून टाटा प्लेसाठी ८३ अंशाच्या उपग्रहाकडे बघायचं तर छत्री दक्षिणेकडून थोडी पूर्वेला आणि बरीच वर, साधारण ६४ अंश उंच. एअरटेलचा १०८.२ अंशावर, तिथे छत्री बरीच पूर्वेकडे वळते आणि उंची ४५ अंशांच्या आसपास येते. शेजाऱ्याने पूर्वेला नवीन मजला चढवला असेल किंवा आंब्याचं झाड वाढलं असेल, तर पहिली छत्री चालेल आणि दुसरी चालणार नाही. हे गच्चीवर न जाता कळत नाही.

यावरूनच माझ्या पहिल्या बंगल्याच्या कामाचा हिशेब सांगतो. हॉलमध्ये चहा पीत मी ६,५०० रुपये एकरकमी सांगून टाकले. मनात ६० मीटर वायर आणि एक दिवसाचं काम. प्रत्यक्षात कन्सील पाइप सिमेंटने तुंबलेला, वायर बाहेरून फिरवावी लागली. लागली ११० मीटर. दोन दिवस, दोन माणसं, वर शिडीचं भाडं. सगळ्यांचे पैसे चुकते केल्यावर माझ्या हातात ३४० रुपये राहिले, आणि त्यात माझी दोन दिवसांची मजुरी धरलेलीच नव्हती.

आता मी सर्व्हेचे पैसे वेगळे घेतो आणि काम मिळालं तर ते बिलातून वजा करतो. एस्टिमेटमध्ये वायर मीटरवर, एकरकमी नाही. पाइप तुंबलेला निघाला तर बाहेरून वायर नेण्याचा दर आधीच लिहिलेला. प्रत्येक टीव्हीची पाठ बघून ठेवतो, कारण जुन्या टीव्हीला एचडीएमआय नसतं आणि नव्या बॉक्सला कधी कधी लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची सोय नसते. अर्ध्या दिवसाचं काम अडॅप्टरपायी अडकतं.

लॉज किंवा खाणावळीचा मालक म्हणाला की "घरचंच कनेक्शन आठ खोल्यांत फिरवून द्या", तर नाही म्हणा. व्यावसायिक जागेसाठी वर्गणी वेगळी असते. पकडला जाईल तो, पण वायर ओढणारे तुम्ही असाल.

काम संपलं की प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहून चिकटवतो. एलएनबीच्या कोणत्या तोंडाला कोणती खोली, याचं हाताने काढलेलं चित्र मल्टीस्विचच्या डब्यात आतून लावतो आणि त्याचा फोटो कस्टमरच्या नावाने मोबाईलमध्ये ठेवतो. मागच्या श्रावणात रात्री साडेनऊला एका घरून फोन आला, वरची खोली बंद. फोटो काढला, फोनवरच सांगितलं, "तिसऱ्या तोंडाची वायर पाचव्याला लावा." लागलं. व्हिजिट वाचली, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरचा पत्ता पाठवला.

सर्व्हेचा जो कागद मी वापरतो तो पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. तोपर्यंत आपल्याच घरच्या टीव्हीमागचा स्प्लिटर काढा आणि त्याच्यावरचा आकडा वाचा.