सेव्ह केलं, पान का बदलेना? एका दशकाचा मागोवा

रायगडच्या किनाऱ्यावर वेबसाइटचं बरंचसं काम होमस्टेंचं. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर... हंगाम बदलला की दर आणि फोटोही बदलायचे. हे काम हलकं केलं ते एका सोयीनं: फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधलं पान आपोआप रिफ्रेश होतं. ही सोय अडते कुठे, हे मात्र टप्प्याटप्प्यानं कळत गेलं.

डिसेंबर २०११मध्ये वेबसॉकेटचं मानक ठरलं आणि सर्व्हरला पानाशी थेट बोलता येऊ लागलं. वॉचर फाइल बदलल्याची खबर देतो, सर्व्हर ती वेबसॉकेटवरून पाठवतो, पानातली छोटी स्क्रिप्ट रिफ्रेश करते. पुढची बहुतेक साधनं याच तीन कड्यांवर उभी राहिली.

२०१७च्या सुमारास रित्विक डे या भारतीय डेव्हलपरचं ‘लाइव्ह सर्व्हर’ व्हीएस कोड या एडिटरमध्ये आलं आणि नवशिक्यांनाही ही सोय एका क्लिकवर मिळाली. त्याची स्क्रिप्ट बॉडी किंवा हेड टॅगच्या आधारानं पानात शिरते. शिकाऊ मुलं चार ओळींचं अर्धवट एचटीएमएल लिहितात, त्यात हे टॅगच नसतात आणि पान ढिम्म राहतं.

२०२० सालानं सगळ्यांचीच परीक्षा पाहिली. एप्रिलमध्ये ‘वीट’ हे वेगवान साधन आलं, मे महिन्यात विंडोजमध्येच लिनक्स चालवू देणारं डब्ल्यूएसएल-२ आलं आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब कोसळले, मोबाइलची रेंज गेली. पण लोकलहोस्टला, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या सर्व्हरला, इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपमध्ये चार्ज असेल तोवर काम चालू शकतं. पण फाँट आणि स्क्रिप्ट बाहेरच्या सर्व्हरवरून मागवणारं पान अशा वेळी अडकून पडतं. या दोन्ही गोष्टी प्रोजेक्टमध्येच ठेवाव्यात, हा धडा तेव्हाचा. डब्ल्यूएसएल-२ची अडचण वेगळी: प्रोजेक्ट विंडोजच्या ड्राइव्हवर असेल तर वॉचरला बदलांची खबरच लागत नाही. पोलिंग चालू केलं की काम होतं, पण वॉचर सतत फाइली तपासत बसतो आणि बॅटरी उतरते. प्रोजेक्ट लिनक्सच्या फोल्डरमध्ये हलवणं हाच खरा इलाज.

अडचण लिनक्सवरही होती: जुन्या लिनक्सवर वॉचची, म्हणजे वॉचर लक्ष ठेवू शकेल अशा फाइली-फोल्डरांची, मूळ मर्यादा ८१९२ होती. मोठा प्रोजेक्ट ती सहज ओलांडायचा. पानं ब्राउझरच्या कॅशमध्ये साठवू शकणारे सर्व्हिस वर्कर आल्यापासून आणखी एक घोळ वाढला: पान रिफ्रेश होतं, पण कॅशमधलं जुनंच दिसतं.

लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा अलिबागच्या एखाद्या क्लासात आज शिकणाऱ्यांना एवढंच सांगणं: पान हललं नाही की लगेच सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका. फाइल खरंच सेव्ह झाली का, टर्मिनलमध्ये बदलाची नोंद दिसते का, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये वेबसॉकेट जोडलेलं दिसतं का, आणि शेवटी कॅश, याच क्रमानं तपासा. बिघाड बहुतेक वेळा या चारांतच सापडतो.