ॲक्टिन दाखव आधी

सेलेकॉक्सिब हे नाव मला आजीच्या औषधांच्या डब्यामुळे ठाऊक होतं. गुडघे फारच ठणकले की ती एक कॅप्सूल घ्यायची. पुढे संशोधन सहायक म्हणून प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्याच औषधाच्या पांढऱ्या भुकटीची कुपी हातात ठेवली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर ती घालायची आणि पेशींच्या आतला निरोप कुठे अडतो ते बघायचं, एवढंच काम. त्या 'एवढंच'ला चार महिने लागले.

पेशींचं नाव एचसीटी-११६. एका माणसाच्या आतड्यातल्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात. त्यांना ३७ अंशांची ऊब, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि लालसर मीडियम, म्हणजे पोषक द्रव, लागतं. मीडियम पिवळं पडू लागलं की समजायचं, पोरं भुकेली आहेत. मग रविवार असो की गणपती, यावंच लागतं.

या पेशींना एक खोड आहे. निरोगी पेशीला 'वाढ' असा निरोप बाहेरून येतो. पेशीच्या पडद्यावरचं ग्राहक प्रथिन तो झेलतं, आत पीआय-३ कायनेज नावाचं विकर जागं होतं, आणि पुढच्या काही पायऱ्यांनंतर एकेटी या प्रथिनाला फॉस्फेटचा ठिपका लागतो. ठिपका लागला की एकेटी हुकूम सोडतं: वाढ, विभाजित हो, मरू नकोस. काम झालं की ठिपका पुसला जातो. एचसीटी-११६ मध्ये या विकराच्या पीआयके३सीए नावाच्या जनुकातच बिघाड आहे. दाराची बेल दाबलेली अडकून बसावी तसं. बाहेर कुणी नाही, तरी ती वाजतेच आहे. सेलेकॉक्सिब हा ठिपका पुसतं का, हे आम्हाला पाहायचं होतं.

औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात घालायचं. प्लेटच्या पहिल्या खळग्यात नुसतं द्रावक, मग १०, २५ आणि ५० मायक्रोमोलर. चोवीस तासांनी पेशी फोडायच्या, आणि तिथून पुढे सगळं बर्फावर. कारण पेशी फुटली की तिच्यातलीच विकरं ते ठिपके पुसू लागतात. चहाला जाऊन आलात तर मोजायला काही उरत नाही. मग नासक्या अंड्यासारख्या वासाच्या रसायनात नमुने उकळायचे, जेलच्या चिमुकल्या खाचांत श्वास रोखून पिपेटने सोडायचे आणि वीज लावायची. निळी रेघ हळूहळू खाली सरकते. छोटी प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. जेलवरून ती एका पातळ पडद्यावर उतरवायची. जेल आणि पडद्यामध्ये बुडबुडा राहिला तर तिथे नेमका पांढरा डाग पडतो, म्हणून पोळी लाटावी तसा वरून रूळ फिरवायचा.

पुढची गंमत दुधाची. पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला एरवी सायविरहित दुधाची पावडर वापरतात. फॉस्फेट शोधताना मात्र दूध टाळायचं, कारण दुधातल्या केसीनवर फॉस्फेट असतंच. तिथे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन लागतं. या सगळ्या खटाटोपाला 'वेस्टर्न ब्लॉट' म्हणतात. त्याचा पश्चिमेशी काही संबंध नाही. एडविन सदर्न या शास्त्रज्ञाच्या आडनावावरून डीएनएच्या पद्धतीला सदर्न ब्लॉट नाव पडलं. मग कुणीतरी थट्टेत बाकीच्या दिशा वाटून टाकल्या.

ठिपका लागलेल्या एकेटीलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीत रात्रभर ठेवलेला पडदा दुसऱ्या दिवशी धुतला आणि लाल दिव्याच्या खोलीत फिल्म उमटवली. चार पट्ट्या. पहिली काळीकुट्ट, चौथी जवळजवळ नाहीशी. मी ओली फिल्म हातात धरून धावतच मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी ती उजेडात धरलीही नाही.

"ॲक्टिन दाखव आधी."

ॲक्टिन हे पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन. त्याची पट्टी चारही जागी सारखी आली, तरच चारही खाचांत सारखा माल पडला असं धरायचं. माझं ॲक्टिनही चौथ्या जागी फिकट होतं. जास्त मात्रेने बऱ्याच पेशी मरून मीडियमवर तरंगत गेल्या होत्या. उरलेल्यांत प्रथिन कमी होतं. आणि मी शहाणीने प्रथिन न मोजता सगळीकडून सारखे मायक्रोलिटर उचलले होते. औषधाने काही पुसलं असं म्हणताच येत नव्हतं, मीच कमी वाढलं होतं.

पुन्हा केलं. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला ॲक्टिन चारही जागी सारखं आलं आणि ५० मायक्रोमोलरला एकेटीचा ठिपका तरीही फिकट झाला. बैठकीत मी फिल्म दाखवली. पाहुणे म्हणून आलेले कर्करोगतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "पन्नास मायक्रोमोलर म्हणजे माझ्या पेशंटने किती कॅप्सूल खायच्या?"

संध्याकाळी हिशेब केला. २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलनंतर रक्तातलं प्रमाण फार तर २ मायक्रोमोलरच्या आसपास जातं, म्हणजे माझी मात्रा पंचवीसपट. शिवाय हे औषध बनलं कॉक्स-२ हे सुजेचं विकर थोपवण्यासाठी, आणि एचसीटी-११६ मध्ये कॉक्स-२ जवळपास नसतंच! फिल्मवरचा परिणाम खरा होता, पण तो आजीच्या कॅप्सूलचा नव्हता. इतक्या मोठ्या मात्रेत औषध भलत्याच प्रथिनांना जाऊन धडकतं. सूजविरोधी औषधं आणि कर्करोग या विषयावरचे कितीतरी शोधनिबंध अशाच मात्रांवर उभे आहेत. हल्ली मी निबंध उघडला की आधी मात्रा बघते.

माणसांतली गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची आहे. आतड्यात शेकडो पॉलिप होणाऱ्या आनुवंशिक आजारात सेलेकॉक्सिबने सहा महिन्यांत पॉलिपची संख्या सरासरी २८ टक्क्यांनी घटली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला त्यासाठी परवानगी मिळाली. त्याचं भावंड रोफेकॉक्सिब २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं. पॉलिप रोखता येतात का, हे तपासणाऱ्या चाचणीतच त्याने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात असं दिसलं होतं.

बाजी मारली ती जुन्यापुराण्या ॲस्पिरिनने. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतल्या चाचणीत, आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या आणि गाठीत पीआयके३सीए किंवा त्याच मार्गावरचा बिघाड असलेल्या रुग्णांना रोज फक्त १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिलं. आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे बेल अडकलेलीच गाठ, माझ्या पेशींसारखी. ॲस्पिरिन स्वतः रक्तात फार वेळ टिकत नाही. पण रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंमधलं कॉक्स-१ हे विकर ते कायमचं बंद करतं, आणि बिंबाणूला केंद्रक नसल्याने तो नवं विकर बनवू शकत नाही. याच विकरामुळे बिंबाणूंतून निघणारं थ्रॉम्बॉक्सेन हे रसायन प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाबून ठेवतं आणि ॲस्पिरिन त्यांना मोकळं करतं, असं केंब्रिजच्या गटाने त्याच वर्षी उंदरांत दाखवलं. माझ्या प्लेटमध्ये बिंबाणू नव्हते, टी-पेशीही नव्हत्या. असल्या गोष्टी तिथे दिसणार कशा?

हे वाचून घरच्या डब्यातलं ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका. १९,११४ वृद्धांवरच्या चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत रक्तस्राव तर वाढलाच, कर्करोगाचे मृत्यूही थोडे जास्त निघाले. मात्र घरात कुणाची आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का आणि अहवालात पीआयके३सीए आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.