आकडा आणि आरोपी

घटनास्थळी सापडलेल्या रक्ताचा डीएनए आरोपीच्या डीएनएशी जुळतो आणि असे साम्य दहा लाखांत एखाद्याच माणसात आढळते, असे तज्ज्ञाने सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचे वाक्य आपोआप तयार होते : म्हणजे आरोपी निर्दोष असण्याचा संभव दहा लाखांत एक! वरवर पाहता दोन्ही विधाने एकाच अर्थाची वाटतात. वस्तुतः पहिले विज्ञानाचे आहे. दुसरे निव्वळ तर्कदोषाचे.

हा दोष इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९६ साली दोन अपिलांचा एकत्र निकाल देताना शाळकरी गणिताने उघड केला. दहा लाखांत एकाचा डीएनए असा असेल, तर ब्रिटनमधल्या सुमारे दोन कोटी साठ लाख पुरुषांत तसे सव्वीस जण निघतील. आरोपी त्या सव्वीसांपैकी एक आहे, एवढेच डीएनए सांगतो. त्यांतला नेमका कोण, हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो : त्या रात्री गावात कोण होते, मुद्देमाल कोणाकडे सापडला, ओळखपरेडीत काय झाले. हा पुरावा भक्कम असेल तर उरलेले पंचवीस जण सहज गळतात. तो मुळीच नसेल, तर आरोपीवर बोट ठेवणे आणि सव्वीस चिठ्ठ्यांतून एक उचलणे यांत फारसा फरक राहत नाही.

१९९९ साली याचा प्रत्यय आला. बोल्टन येथील घरफोडीतला डीएनए पोलिसांच्या संग्रहातील एका नमुन्याशी सहा स्थानांवर जुळला. योगायोगाची शक्यता तीन कोटी सत्तर लाखांत एक. नमुना ज्याचा होता तो गृहस्थ दूर स्विंडनला राहणारा, कंपवाताने इतका जर्जर की आधाराशिवाय चार पावले टाकणे कठीण! तरीही त्याच्यावर आरोप ठेवला गेला. पुढे दहा स्थाने तपासल्यावर तो डीएनए त्याचा नव्हेच, हे सिद्ध झाले. लाखो नमुन्यांच्या संग्रहात शोध घेतला की एखादे खोटे साम्य हाती लागणारच, हे आकड्याच्या दबदब्यात कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आता अधिक स्थाने तपासली जातात आणि आकडा अब्जांच्या घरात जातो. मग ही अडचण उरली कोठे, असे कोणी विचारील. पूर्ण, स्वच्छ आणि एकाच व्यक्तीच्या नमुन्यापुरते ते खरे आहे. दोघातिघांचे मिश्रण, सडलेला अंश किंवा आरोपीचा सख्खा भाऊ यांचे गणित निराळे. शिवाय डीएनए तेथे कसा पोहोचला, याचे उत्तर कोणत्याही आकड्यात नसते. जर्मनीत हाइलब्रॉन येथे २००७ साली एका महिला पोलिसाची हत्या झाली. तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे चाळीस ठिकाणी आढळला होता. तीन लाख युरोंचे बक्षीस लागले. २००९ मध्ये उलगडा झाला : नमुने टिपण्याचे कापसाचे बोळेच ते हाताळणाऱ्या एका कामगार स्त्रीच्या डीएनएने दूषित होते. बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, डीएनए उरतो.

आपल्याकडे पंच नाहीत, निर्णय न्यायाधीशच देतात. म्हणून धोका टळत नाही. दिल्लीतील २०१२ च्या एका अपहरण, बलात्कार व हत्येच्या खटल्यात फाशी झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मुक्त केले. १४ व १६ फेब्रुवारीला जप्त केलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. शिवाय डीएनए अहवालाचा आधार काय आणि तज्ज्ञाने तंत्र नीट वापरले का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलेच नव्हते. गुन्हा इतका अमानुष होता की या निकालाने लोक संतापले, आणि तो संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्याचे धनी मालखान्यात नमुने पडू देणारेही आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले असून राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे असे अहवाल यापुढे वाढणार. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल मात्र त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, ही जुनी सोय नव्या संहितेतही कायम आहे. न्यायालय त्याला बोलावू शकते. परंतु बोलावल्यावर काय विचारायचे, हे जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला कोणी शिकवले आहे काय?