ओरडतो बेल्ट, दोष असतो शेजारी

जुन्या मोटारीचे दुखणे मालकाला आधी ऐकू येते, दिसते नंतर. सकाळी स्टार्टर मारताच बॉनेटखाली किंचाळणारा बेल्ट आणि गाडी चढाला लागताच पायांखाली फडफडणारा सायलेन्सर, या दोन तक्रारी हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या गॅरेजांना नव्या नाहीत. मालक त्या मांडतोही एकाच वाक्यात: एवढा आवाज घालवा. मिस्त्री मग तेवढेच करतो. बेल्ट ताणतो, फार तर बदलतो. सायलेन्सरच्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग मारतो. आवाज जातो आणि थोड्या दिवसांनी परत येतो. याचे खापर मिस्त्रीच्या हातावर फोडणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्याकडे मागितलेले कामच अपुरे असते. माझे म्हणणे असे, की या दोन्ही बिघाडांत आवाज करणारा भाग बहुधा सोसणारा असतो आणि त्याला त्रास देणारा भाग वेगळाच. तो सापडल्याशिवाय पाना उचलू नये.

मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाडीत फॅन बेल्ट दोन कामे करतो: अल्टरनेटर फिरवून बॅटरी भरतो आणि वॉटर पंप फिरवून इंजिन थंड ठेवतो. जुन्या महिंद्रा जीपमध्ये तर रेडिएटरचा पंखाही त्याच्याच जोरावर फिरतो. इंजिन सुरू करताना बॅटरीतून बरीच वीज जाते आणि ती भरून काढायला अल्टरनेटर लगेच जोर लावतो, म्हणून ढिल्या बेल्टची किंचाळी पहिल्या मिनिटात सर्वांत मोठी असते. पण ढिलेपणा हे एकच कारण नव्हे. पुल्या एका रेषेत नसतील, अल्टरनेटरचे बेअरिंग जड झाले असेल, इंजिनच्या सीलमधून ऑइल किंवा पंपातून पाणी बेल्टवर उडत असेल, तरी आवाज साधारण तसाच येतो. फरक ओळखायची जुनी युक्ती साधी आहे. इंजिन चालू असताना अंतरावरून बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारायचे, हात आणि कपडे दूर ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्यांची रेषा चुकली आहे. आवाज वाढला, तर बेल्ट घसरतो आहे. मग इंजिन बंद करून, बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवायची. खरखर, अडखळणे किंवा डुगडुग जाणवली की गुन्हेगार सापडला.

यावर सरळ आक्षेप असा, की बेल्ट हा गाडीतला स्वस्त भाग. तपासात वेळ घालवण्यापेक्षा नवा टाकून मोकळे व्हावे. बेल्ट खरोखर झिजला असेल तर हे बरोबरच आहे. पण ऑइल गळत असेल तर ते नवा बेल्टही खाते, आणि जड बेअरिंग नव्या बेल्टलाही तितकेच घासते. त्याहून वाईट म्हणजे आवाज बंद करण्यासाठी बेल्ट तारेसारखा ताणला जातो. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटरपर्यंत दबायला हवा. तो अजिबात दबत नसेल, तर सगळा ताण अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो, आणि हे दोन्ही भाग बेल्टच्या कित्येक पट महाग. साबणाची वडी घासली की बेल्ट गप्प होतो खरा, पण त्या बुळबुळीत थरावर पुढे धूळ बसते. काळ्या रानातली बारीक माती अशी चिकटली की पॉलिश पेपरचेच काम करते. डोळ्यांनी पाहून निर्णय घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. हल्लीचे खाचांचे चपटे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि जुन्या रबरासारखी त्यांना लवकर भेग पडत नाही. ते टायरसारखे झिजतात. भेग नाही म्हणून बेल्ट चांगला, हा हिशेब त्यांना लागू पडत नाही. खाच किती खोल गेली ते पाहावे लागते.

सायलेन्सरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. तो बाहेरच्या पावसाने सडतो असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. घरून बाजार समिती आणि बाजार समितीतून घर एवढीच गाडी फिरली, तर वाफेचे पाणी थंड सायलेन्सरमध्ये साचते, धुरातल्या आम्लाशी मिसळते आणि पत्रा आतून खाते. म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर जाऊ शकतो. त्यात पावसाळी शेतरस्त्याचा चिखल पाइपभोवती लिंपून बसला, की बाहेरची ओलही हटत नाही. पाइप गंजल्याशिवाय तुटत असेल तर कारण आणखी वेगळे. इंजिनचे रबरी माउंटिंग बसले की प्रत्येक झटक्याला इंजिन डोलते आणि त्याचा हिसका मॅनिफोल्डखालच्या पाइपला बसतो. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटला असेल तर त्याचे सगळे वजनही जॉइंटवर येते. मग वेल्डिंग कितीही चांगले असो, पाइप पुन्हा तिथेच किंवा दोन बोटे पुढे तडकतो. गॅस्केट वारंवार उडते तेव्हा गॅस्केटची कंपनी बदलण्याआधी माउंटिंग पाहावे.

पॅच मारणे मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. सुट्या भागांसाठी नांदेडला किंवा अकोल्याला माणूस पाठवावा लागतो तिथे वेल्डिंगचे कौशल्य हा मोठा आधार आहे. प्रश्न एवढाच, की टाका धरायला शेजारी निरोगी पत्रा आहे का. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर वेल्डिंग टिकेल, पोकळ आणि भुसभुशीत आला तर भोक शेजारी सरकेल. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढलीच पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. गळती शोधण्यासाठी गाडी उघड्यावर ठेवावी, इंजिन थंड असतानाच सुरू करावे आणि शेपटाच्या नळीवर जाड फडके क्षणभर दाबून धरावे. गळक्या जागी फुसफुस ऐकू येते. तिथे काजळीचा काळा डागही बहुधा असतो. मॅनिफोल्डजवळची बारीक गळती टिकटिक करते आणि टॅपेटचा आवाज म्हणून खपून जाते. इंजिन तापल्यावर लोखंड प्रसरण पावून फट मिटली आणि टिकटिक थांबली, तर संशय गॅस्केटवर घ्यावा.

आवाज सोडला तर फुटक्या सायलेन्सरने बिघडते काय, धूर बाहेरच जातो ना, असे विचारले जाते. तो सगळाच बाहेर जात नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गंजलेल्या फ्लोअरच्या किंवा डिकीच्या सडक्या रबराच्या फटीतून तो आत आला, तर मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांना नुसती गुंगी आल्यासारखी वाटते. इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी एक नुकसान होते. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला पेट्रोल कमी पडते असे वाटते आणि तो ते वाढवतो. मायलेज घटते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि दुरुस्ती मात्र प्लग आणि फिल्टरची चालू राहते. पीयूसीच्या यंत्रालाही हवा मिसळलेला धूर मिळतो, म्हणून आकडा चांगला आला तरी तो भरवशाचा नसतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो हलका नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ रोजी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. शेवटच्या मारुती ८०० सुद्धा २०२९ च्या सुमारास या दारात येतील. मग भंगारातच का देऊ नये? कारण वसमतला हळद घेऊन जाणाऱ्या किंवा दवाखान्यासाठी नांदेड गाठणाऱ्या कुटुंबाला या गाडीच्या बदल्यात भंगारवाला जे देईल त्यात दुसरी गाडी येत नाही, आणि बेल्ट-सायलेन्सर हे इंजिनचे मरण नव्हे. खर्च वाढतो तो चुकीचे भाग पुन्हा पुन्हा बदलल्याने. म्हणून एमएच-३८ च्या, म्हणजे हिंगोलीच्या आरटीओ कार्यालयात तपासणीला जाण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून आधी माउंटिंग, हँगर आणि बेअरिंग पाहावीत, बेल्ट आणि पाइप त्यानंतर. आणि हँगर अडकवायला फ्लोअरचा पत्राच उरला नसेल, वेल्डिंगची ठिणगी थेट केबिनमध्ये पडत असेल, तर त्या गाडीवर आणखी रुपया घालू नये.