कराटे विरुद्ध कुंग फू? आधी सांचिन बघा!

'कराटे भारी की कुंग फू?' हा वाद कुठे ना कुठे रंगतच असतो. वादात पडण्याआधी 'सांचिन' हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, बघा, मंडळी.

ओकिनावाचे कानबुन उएची १८९७ साली चीनच्या फूजियान प्रांतातल्या फुचौला गेले आणि १९१० मध्ये परतले. तिथे शिकलेल्या दक्षिणी कुंग फूतूनच उएची-र्‍यू ही कराटेची शैली उभी राहिली. तिच्या सांचिनमध्ये हात उघडे असतात, बोटांची टोकं भोसकायची. कराटेच्याच दुसऱ्या एका शैलीत, चोजुन मियागींच्या गोजू-र्‍यूमध्येही सांचिन आहे, पण मुठी आवळून आणि श्वास लांब, घशातून घरघरणारा. पाय मात्र दोन्हीकडे सारखेच: अंतर खांद्याएवढं, पावलं किंचित आत वळलेली, मांड्या घट्ट. शिक्षक खांद्यांवर, मांड्यांवर सटासट चापट्या मारून तपासतात. डगमगलात की पकडले गेलात!

कराटेच्याच शोतोकान शैलीचं वेगळं. पाय लांब टाकून सरळ रेषेत घुसायचं, ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी खेचायची. कुंग फूमधला विंग चुनवाला उलट जवळ चिकटतो, समोरच्याच्या हाताचा दाब ओळखत सलग ठोसे लावतो.

'कुंग फू म्हणजे नुसता नाच' म्हणणाऱ्यांनी चीनच्याच सांदा या लढतीच्या खेळातला एखादा सामना बघावा: ग्लोव्ह्ज घालून ठोसे, लाथा आणि चक्क उचलून आपटणं.

क्लास लावणार असाल तर शैलीचं नाव नंतर, जोडीदाराबरोबर खरा सराव किती होतो ते आधी विचारा.